फ्रेंचमधला 'हा' आणि 'तो': दोघांना एकच शब्द कसा पुरतो?

निवडुंग (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

लेक नववीत आहे, शाळेत तिने फ्रेंच घेतलंय. आठवीत तिच्यासोबत मीही पुस्तक उघडलं आणि आता तिच्यापेक्षा मलाच जास्त ओढ लागलीय. सकाळी डबे भरताना क्रियापदं चालवते. परवापर्यंत सगळं सुरळीत होतं. परवा दर्शक विशेषणांचा धडा आला आणि आम्ही मायलेकी अडलो.

(फ्रेंच शब्द देवनागरीतच लिहितेय. स्पेलिंगवाचून अडेल तिथे अक्षरं सांगते.)

पुस्तकात चार रूपं दिलीत. पुल्लिंगी एकवचनाला 'स', म्हणजे सी-ई. पुल्लिंगीच, पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'सेत', सी-ई-टी. स्त्रीलिंगी एकवचनाला उच्चार तोच 'सेत', पण लिहायचं सी-ई-टी-टी-ई. आणि अनेकवचनाला सरसकट 'से', सी-ई-एस. पाठ व्हायला पाच मिनिटं लागली.

मग गृहपाठ आला. दहा वाक्यांतली सहा चुकली. 'हे टेबल' तिने 'स ताब्ल' लिहिलं, 'हे झाड' 'स आर्ब्र' लिहिलं, दोन्हींवर लाल गोल. 'हा नायक' लिहिताना तिने आठवणीने स्वराचा नियम लावला आणि 'सेत एरो' लिहिलं, तर त्यालाही लाल गोल. उच्चारात तर स्वरच आहे ना पहिला?

आणि माझी स्वतःची अडचण वेगळीच आहे. शब्दकोशात 'स' काढला तर अर्थ दिलाय 'हा, तो'. दोन्ही. 'हे पुस्तक माझं, ते पुस्तक तुझं' असं म्हणायचं तर दोन्हीकडे 'स लीव्र'? मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? मराठीत हा आणि तो यांच्यात केवढं अंतर आहे! एक हाताशी, एक लांब.

नियम पाठ आहेत. ते कानाला पटायला हवेत. कोणी समजावून सांगेल का?

खडीसाखर

'ताब्ल' स्त्रीलिंगी आहे म्हणून 'सेत ताब्ल', टी-टी-ई वालं. 'आर्ब्र' पुल्लिंगी पण स्वराने सुरू, म्हणून 'सेत आर्ब्र', एकच टी. 'एरो'चं कोडं मलाही सुटलेलं नाही, वाचतेय.

ओसरी

निवडुंग, वीस वर्षं फ्रेंच शिकवतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी लेकीच्या चुका. टेबल, पुस्तक, झाड, घर हे चारही शब्द आपल्याकडे नपुंसकलिंगी. ते टेबल, ते पुस्तक, ते झाड, ते घर. लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होतं, फ्रेंचमध्ये येईपर्यंत ते गेलं. त्यामुळे आपल्या 'ते'वाल्या वस्तू तिथे दोन घरांत वाटल्या गेल्यात. पुस्तक आणि झाड पुल्लिंगी, घर आणि टेबल स्त्रीलिंगी. मराठी मूल 'ते' ऐकतं आणि त्याला वाटतं, स्त्रीलिंगी तर नाही, मग पुल्लिंगीच असणार. घर म्हणजे 'मेझों'. बहुतेक मुलं पहिल्यांदा 'स मेझों' लिहितात. बरोबर आहे 'सेत मेझों'. खुर्चीच्या बाबतीत मात्र आपण सुखी आहोत: ती खुर्ची, आणि 'शेझ'ही स्त्रीलिंगी.

पण एक गोष्ट बघा. विशेषणाने नामाचं लिंग उचलायचं असतं, हे आपल्या मुलांना शिकवावंच लागत नाही. हा मुलगा, ही मुलगी, हे मूल असं आपण दिवसभर म्हणत असतो. इंग्रजीतून फ्रेंचकडे येणाऱ्याला मुळात 'धिस' का बदलावं हेच कळत नाही. तिला सांगा की 'धिस-दॅट' बाजूला ठेव आणि मराठीतून ये. अर्धी वाट चालून झालेली आहे.

अनेकवचनात तर आपल्यापेक्षा सोपं. आपण म्हणतो हे मुलगे, ह्या मुली, ही मुलं. फ्रेंचमध्ये तिन्हींना 'से'. से गार्सों, से फिय्, सेझांफां. शेवटच्या उदाहरणात स्वराआधी 'झ' ऐकू येतो, तो सी-ई-एसमधला एस जागा झालेला असतो.

वहीत नवा शब्द लिहिताना तो एकटा लिहू नका. पुढे 'अं' किंवा 'युन' लावूनच लिहा, म्हणजे 'एक'. मुद्दाम 'एक' सांगतेय. निश्चित उपपद 'ल' किंवा 'ला' लावलंत तर स्वराआधी दोन्हींचं नुसतं 'ल्' होतं आणि लिंग झाकलं जातं. 'सेत'ने तर कानाला काहीच कळत नाही. सेत आर्ब्र, सेत एकोल. झाड पुल्लिंगी, शाळा स्त्रीलिंगी, ऐकायला दोन्ही सारखी. 'युन एकोल' लिहिलं की प्रश्न मिटला.

आता 'हा' आणि 'तो'. त्याचं उत्तर रात्री लिहिते. ते घाईत लिहायचं नाही.

पाणिनीचा विद्यार्थी

फ्रेंच थोडंच येतं, संस्कृत जास्त. पण 'स' आणि 'सेत'ची ही जोडी बघून राहवलं नाही.

संस्कृतातही 'तो' आणि 'हा' म्हणजे सः आणि एषः पुढचा वर्ण बघून रूप बदलतात. पुढे व्यंजन आलं की विसर्ग गळतो: 'स गच्छति', 'एष बालकः'. पुढे अ आला की 'सोऽहम्'. व्यंजनापुढे लोप व्हावा यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच दिलंय, 'एतत्तदोः सुलोपोऽकोरनञ्समासे हलि'. नेमकी दर्शक सर्वनामंच, आणि नेमकं व्यंजन पुढे असतानाच.

फ्रेंचमध्येही तसंच झालेलं दिसतं. शेवटचा टी व्यंजनापुढे गळाला, स्वरापुढे टिकला. हा संधी आहे, इतकंच लेकीला सांगा. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे तकार राहिला.

ओसरी

विद्यार्थी, तुम्ही अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'सेस्त' होता. एस गेला, 'सेत' राहिला आणि व्यंजनापुढे त्याचा 'स' झाला. म्हणजे 'स'ला टी जोडून 'सेत' होतो हे पुस्तकातलं वर्णन सोयीचं आहे. इतिहासात टी आधीचा आहे.

आणि संधी म्हणून बघितलं की आणखी एक चूक टळते. 'सेत' लावायचं की नाही हे नाम ठरवत नाही, लगेच पुढे जो शब्द उभा असेल तो ठरवतो. 'आंफां' म्हणजे मूल, 'सेत आंफां'. पण 'हे लहान मूल' म्हटलं की मधे 'पती' आला, म्हणून 'स पतीतांफां'. उलट 'एलेव्ह' म्हणजे विद्यार्थी, आणि माजी विद्यार्थी म्हणायला पुढे 'आंस्यँ' येतो, तोही स्वराने सुरू होणारा, म्हणून तिथे 'सेत'च. परीक्षेत हमखास विचारतात.

आता नायक. फ्रेंचमध्ये एच कधीच उच्चारत नाहीत, पण ते दोन प्रकारचे असतात. एक नुसता मुका. तो नसल्यासारखाच, म्हणून 'सेत ऑम' (हा माणूस), 'सेत ओतेल' (हे हॉटेल), 'सेत इवेर' (हा हिवाळा). दुसराही ऐकू येत नाही, पण भिंतीसारखा मधे उभा असतो, संधी होऊ देत नाही. 'स एरो', 'स इबू' (हे घुबड), 'स आरिको' (ही घेवड्याची शेंग). या दुसऱ्या प्रकारातले बरेच शब्द जर्मनिक बोलींतून आलेत. तिथे एच खरोखर उच्चारला जात होता. आवाज गेला, जागा राहिली. शब्दकोशात अशा शब्दांपुढे तारा किंवा तशीच एखादी खूण छापलेली असते, ती बघायची सवय लावा.

मौज अशी की नायक भिंतीआड आणि नायिका मोकळी. 'एरोईन'च्या आधी उपपदाचा संधी होतो, नायकाच्या आधी होत नाही. मी वर्गात सांगते की अनेकवचनात संधी केला असता तर 'ले एरो'चं 'लेझेरो' झालं असतं, आणि 'ले झेरो' म्हणजे शून्यं. मुलांच्या ते कायमचं लक्षात राहतं.

खडीसाखर

'आवाज गेला, जागा राहिली' हे वहीत लिहून ठेवलंय.

ओसरी

आता मुख्य प्रश्न.

मी लियोंमध्ये काही महिने शिकायला होते. पहिल्या आठवड्यात चीजच्या दुकानात गेले. काचेमागे चाळीसेक प्रकार. माझ्यासमोर राखेत घोळवलेला करड्या सालीचा एक गोळा होता, आणि टोकाला, दुकानदारीणबाईंच्या कोपराशी, पिवळंधम्मक चाक. मला ते टोकाचं हवं होतं. मनात मराठीतलं 'ते चीज' होतं. मी हात न दाखवता, अगदी व्याकरणशुद्ध, 'स फ्रोमाझ' म्हणाले. बाईंनी माझ्यासमोरचा करडा गोळा उचलला. मी मान हलवली आणि पुन्हा 'स फ्रोमाझ' म्हणाले, 'स'वर जोर देऊन. बाई थांबल्या, माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं, चाकावर सुरी टेकवली आणि विचारलं, 'सल्वी-ला?' म्हणजे 'ते तिथलं?'

त्या क्षणी मला कळलं की अंतर सांगणं हे 'स'चं कामच नाही. आपल्या 'हा'मध्ये दोन गोष्टी एकत्र असतात, बोट आणि अंतर. फ्रेंच 'स'मध्ये नुसतं बोट आहे. कुठल्या दिशेला, ते नजरेने, संदर्भाने किंवा आधीच्या वाक्याने ठरतं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. टेबलावर एकच पुस्तक असेल तर 'स लीव्र', मग ते हाताशी असो की पलीकडच्या टोकाला.

दोन वस्तू समोरासमोर ठेवायच्या असतील तेव्हा अंतर नामाच्या मागे लावतात. 'स लीव्र-सी' हे पुस्तक, 'स लीव्र-ला' ते पुस्तक. हा 'सी' म्हणजे 'इसी'चा, इथेचा, उरलेला तुकडा, आणि 'ला' म्हणजे तिथे. शब्दशः 'पुस्तक-इथलं', 'पुस्तक-तिथलं'. आपण नाही का म्हणत, 'हा इकडचा दे, तो तिकडचा नको'? निवडुंग, तुमचं वाक्य असंच करायचं.

पण धडा शिकला म्हणून प्रत्येक नामाला 'सी' आणि 'ला' चिकटवत सुटू नका. माझे विद्यार्थी उत्साहात तेच करतात आणि त्यांचं फ्रेंच जड होतं. गरज नसेल तिथे शेपूट नको. बोलताना 'सी' तसा कमीच येतो, 'ला' कितीतरी जास्त.

एक शेवटचं सांगून थांबते. हे अंतर फ्रेंचला नेहमीच परकं नव्हतं. जुन्या फ्रेंचमध्ये दोन वेगळ्या मालिका होत्या: 'सिस्त' जवळच्याला (मघाचा 'सेस्त' याच मालिकेतला), 'सिल' लांबच्याला. दोन्ही लॅटिनमधल्या 'एक्के', म्हणजे 'बघ', या शब्दाला 'इस्ते' आणि 'इल्ले' जोडून झालेल्या. पुढे दोघींनी कामं वाटून घेतली. 'सिस्त'ची मालिका नामापुढे बसायला लागली, आजचे 'स, सेत, से' तिचेच. 'सिल'ची मालिका नामाशिवाय एकटी उभी राहायला लागली, 'सल्वी' आणि 'सेल' तिचे. लांब-जवळचा फरक मधे हरवला, म्हणून मागून 'सी' आणि 'ला' जोडावे लागले. आठशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच माणूस तुमचा प्रश्न लगेच समजला असता.

निवडुंग

ओसरीताई, चीजच्या दुकानाचा प्रसंग लेकीला वाचून दाखवला. ती लगेच स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरच्या दोन डब्यांकडे बोट करून 'स... सी' आणि 'स... ला' करत राहिली. डब्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते शोधलं, 'ब्वात', स्त्रीलिंगी. मग 'सेत ब्वात-सी, सेत ब्वात-ला'. रवा इथला, साखर तिथली.

मॉन्ट्रियलकर

अकरा वर्षं इथे आहे. ओसरीताई म्हणतात ते 'ला'चं प्रमाण इथे क्युबेकमध्ये तर भरपूर ऐकाल. आणि रोजच्या बोलण्यात स्त्रीलिंगी 'सेत' आखडून नुसतं 'स्त' होतं. पुस्तकी फ्रेंच शिकून आलेल्या माणसाला पहिले काही महिने वाक्यात दर्शक विशेषण होतं हेच कळत नाही. मला नव्हतं कळत. 'आज संध्याकाळी'ला पुस्तकात 'स स्वार' शिकलो होतो, इथे शेजारी 'आ स्वार' म्हणतात. सकाळला 'आ मातँ'. कॅनडासाठी परीक्षा देणाऱ्यांनी लिहिताना 'स स्वार'च लिहावं, कान मात्र दोन्हींसाठी तयार ठेवावेत.

वेळेच्या शब्दांबद्दल थोडं लिहितो, कारण मला खरा त्रास तिथे झाला. 'ल मातँ' म्हणजे सकाळी, रोजच्या सकाळी. 'स मातँ' म्हणजे आज सकाळी. फरक एका व्यंजनाचा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी साहेबांना 'मी सकाळी येतो' म्हणताना 'स मातँ' म्हणालो. तेव्हा दुपार होती. ते माझ्याकडे बघतच राहिले.

'सेत न्वी' त्याहून अवघड. न्वी म्हणजे रात्र. 'सेत न्वी बर्फ पडला' म्हटलं तर काल रात्री. 'सेत न्वी बर्फ पडेल' म्हटलं तर आज रात्री. शब्द तोच, क्रियापदाचा काळ ठरवतो कुठली रात्र. 'सेत इवेर', हा हिवाळा, त्याचंही तसंच: सरलेलाही असू शकतो, येणाराही.

ओसरी

छान उदाहरणं. त्यात भर: 'से झूर-सी' म्हणजे अलीकडे, या दिवसांत, आणि 'स झूर-ला' म्हणजे त्या दिवशी. 'आ स मोमां-ला' म्हणजे त्या वेळी. वेळेच्या बाबतीत 'सी' आणि 'ला' अगदी आपल्या 'ह्या' आणि 'त्या'सारखे वागतात. मराठी माणसाला ही ठिकाणं आपलीशी वाटतात, तिथून सुरुवात करावी.

आणि गोष्ट सांगतानाही आपल्याला वळण बदलावं लागतं. 'एका गावात एक म्हातारा होता. त्या म्हाताऱ्याला...' इथे मराठीत 'त्या' येतो, 'ह्या' सहसा नाही. फ्रेंचमध्ये तिथे 'स' येतो. म्हणून भाषांतर करताना 'स' दिसला की आधी 'तो' लावून बघा, वाक्य ओढल्यासारखं वाटलं तरच 'हा'. इंग्रजी शब्दकोशामुळे आपले विद्यार्थी सगळीकडे 'हा' ठोकतात आणि भाषांतर परकं वाटतं.

सागरगोटा

लग्नानंतर मॉरिशसला आले. इथे मराठी माणसांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासूनची, कोकणातून आलेली. घरात सासूबाई मराठी ओव्या म्हणतात आणि शेजारणीशी क्रिओल बोलतात. क्रिओल फ्रेंचमधूनच निघालेली, पण दर्शकाचं सगळं घर तिने नव्याने बांधलंय.

'हे पुस्तक' म्हणायला 'सा लीव्ह-ला'. पुढे 'सा', मागे 'ला', नाम मधे. लिंग नाही, स्वराची अडचण नाही, टी नाही. अनेकवचनाला 'सा बान झांफां-ला', ही मुलं. फ्रेंचमध्ये जो 'ला' लांबचं दाखवायला येतो, तो इथे लांब-जवळ काही सांगत नाही, 'तोच, ठरलेला' एवढंच सांगतो.

गंमत 'झांफां'ची. फ्रेंचमध्ये 'से' आणि 'आंफां' यांच्या मधे संधीने जो झ येतो, तो इथे शब्दालाच चिकटून बसलाय. एकवचनातही 'झांफां'.

माझा मुलगा शाळेत फ्रेंच लिहितो तेव्हा 'सेत' विसरतो. मैदानावर त्याची गरजच पडत नाही.

पाणिनीचा विद्यार्थी

सागरगोटा, संधीतला वर्ण शब्दाचा भाग होऊन बसणं! हे आज दिवसभर डोक्यात राहणार.

ताक_आणि_तूप

मी फ्रेंचची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा देतेय. माझा सगळा घोळ 'से'चा. सी-ई-एस 'ह्या/त्या', एस-ई-एस 'त्याच्या/तिच्या', शिवाय 'हे आहे' अर्थाचं सी-अपॉस्ट्रॉफी-ई-एस-टी, आणि एस-अपॉस्ट्रॉफी-ई-एस-टी. श्रुतलेखनात चारही सारखेच ऐकू येतात. गेल्या सराव परीक्षेत एका परिच्छेदात पाच वेळा चुकले. काही युक्ती?

ओसरी

आहे. फ्रेंच मुलं शाळेत हेच करतात. ऐकलेलं अनेकवचन मनात एकवचनी करा. 'इल एम सेझांफां', त्याला मुलं आवडतात. कुठली? एकवचनात 'सेत आंफां' बसत असेल तर ही मुलं, सी-ई-एस. 'सोनांफां' बसत असेल तर त्याचं स्वतःचं मूल, एस-ई-एस. क्रियापदाच्या दोघांसाठी वाक्य भूतकाळात न्या. 'सेते' झालं आणि अर्थ 'ते होतं' असा लागला तर सी. आणि मागे कर्ता असेल, म्हणजे कोणी स्वतःला काही केलं, उठला, धुतला, चुकला, तर एस.

मराठीतूनही होतं. वाक्य मराठीत आणा आणि तिथे 'त्या' येतो की 'त्याच्या' ते ऐका. आपल्याकडे हे दोन शब्द कधीच एकसारखे ऐकू येत नाहीत.

ताक_आणि_तूप

'त्या' की 'त्याच्या'. एवढं सोपं मला कोणी सांगितलंच नव्हतं. आज रात्री जुने सगळे उतारे पुन्हा काढते.

निवडुंग

दोन आठवड्यांनी परत आले. काल लेकीची चाचणी झाली. वही आणली, मी आधी दर्शकांचा प्रश्न उघडला. नायकापुढे 'स' आहे. झाडाला एक टी, शाळेला दोन. घरासमोर आधी 'स' लिहून खोडलेला दिसतोय, त्यावर 'सेत', टी-टी-ई. एकच चुकलं: 'हे लहान मूल'. तिने 'सेत पतीतांफां' लिहिलं.

मी काही बोलायच्या आतच म्हणाली, 'आई, मी मुलाकडे बघत होते, त्याच्या शेजारी कोण उभंय ते बघितलंच नाही.'